गरम झाली की रुसायची: बीएसए बी३१ आणि मॅग्नेटोचा माझा अनुभव

जुनी ब्रिटिश मोटरसायकल फोटोत बघून आवडणं वेगळं आणि ती घरी ठेवून चालवणं वेगळं, आणि खरी मजा दुसऱ्यातच आहे हे माझं ठाम मत. माझी बीएसए बी३१. ३४८ सीसी, एकच सिलिंडर, मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) म्हणजे १९५४ किंवा त्यानंतरची. हे मॉडेल १९४५ ला आलं आणि १९५९ पर्यंत बनत होतं. कॉम्प्रेशन फक्त ६.५, ताकद १७ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजची कुठलीही साधी बाईक हिला आरामात मागे टाकते. टाकू दे बापडी.

हिला चालू करणं हाच एक कार्यक्रम असतो. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरवरचं छोटं बटण बोटाने दाबून धरायचं, पेट्रोल बाहेर पाझरून बोट ओलं झालं की सोडायचं. मग हँडलवरची इग्निशनची लिव्हर थोडी मागे घ्यायची म्हणजे स्पार्क जरा उशिरा पडतो, हे विसरलात तर किक उलटी बसते आणि घोटा आठवणीत राहतो. किक हळू दाबत न्यायची, कॉम्प्रेशन लागलं की व्हॉल्व्ह लिफ्टर (व्हॉल्व्ह जरासा उघडून दाब सोडणारी लिव्हर) ओढून पिस्टन वरच्या टोकाच्या जरासा पुढे काढायचा, लिफ्टर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब, पूर्ण किक. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, पण बुलेटला ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बघून पिस्टन कुठे आहे ते कळतं, इथे मॅग्नेटो, म्हणजे स्पार्कची वीज स्वतःच तयार करणारं यंत्र, असल्याने बॅटरीचा स्पार्कशी संबंधच नाही, सगळं पायाला कळायला हवं. जमलं की काय भारी वाटतं राव!

तर प्रॉब्लेम असा की थंड असताना पहिल्या दुसऱ्या किकला चालू होणारी गाडी तासभर चालवून बंद केली की परत चालूच होईना. अर्धा तास झाडाखाली बसा, इंजिन निवलं की जणू काही झालंच नाही अशी परत धकधक सुरू. सगळ्यांचा सल्ला एकच, कार्ब्युरेटर साफ कर. केला. जेट, फ्लोट, सगळं. फरक शून्य.

मग एकदा रुसलेली असतानाच रस्त्याच्या कडेला प्लग काढला. प्लग ओला, म्हणजे पेट्रोल येतंय. प्लग हेडला टेकवून किक मारली तर स्पार्क होता, पण मरतुकडा, पिवळट लालसर. थंड असताना हाच स्पार्क निळा पडतो. तिथेच डोक्यात प्रकाश पडला की दुखणं मॅग्नेटोत आहे आणि बहुतेक कंडेन्सरचं आहे. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात त्या क्षणी करंट कंडेन्सरने झेलायचा असतो म्हणजे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि प्लगला जोरदार स्पार्क मिळतो. कंडेन्सर म्हातारा झाला की करंट पॉइंटवरच ठिणगी पाडून वाया जातो, आणि गरम झाल्यावर तर अजूनच. इतक्या वर्षांनी कुठलाही कंडेन्सर असाच वागणार, यात गाडीला बोल लावण्यात अर्थ नाही.

वैताग हा की तो कंडेन्सर बाहेर कुठे नसतो, मॅग्नेटोच्या फिरत्या आर्मेचरच्या (कॉइल गुंडाळलेल्या भागाच्या) आतच बसवलेला असतो. म्हणजे टायमिंग कव्हर काढा, पिनियन (मॅग्नेटो फिरवणारं दातेरी चाक) पुलरने ओढा, अख्खा मॅग्नेटो बाहेर घ्या. आणि ह्या गाडीला मेट्रिक पाने चालत नाहीत बरं का, व्हिटवर्थचे लागतात, ज्यांच्यावरचा आकडा नटच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. जवळपास बसतोय म्हणून मेट्रिक पाना लावला की नटचे कोपरे गेलेच समजा. आर्मेचर ओढायच्या आधी पिकअप, अर्थचा ब्रश आणि सेफ्टी स्क्रू काढायचेच, नाहीतर स्लिपरिंग फुटते. आर्मेचर मी रिवाइंडिंगवाल्याकडे दिलं, आत नवीन कंडेन्सर घालून आलं. तो भाग माझ्या आवाक्यातला नाही, आणि असल्या कामात उगाच हात घालू नये.

परत बसवणं मात्र स्वतः केलं आणि सगळ्यात जास्त मजा इथेच आली. आधी पॉइंटचा गॅप ०.०१२ इंच. मग कॉम्प्रेशन स्ट्रोकवर प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टन मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वरच्या टोकाच्या आधी आणायचा, लिव्हर फुल ॲडव्हान्सवर (स्पार्क सगळ्यात लवकर), आणि पॉइंटच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद. मॅग्नेटो हळूहळू फिरवत कागद हलका ओढत राहायचा, ज्या क्षणी कागद सुटतो तीच स्पार्कची वेळ. इथवर सोपं आहे. पण पिनियन नुसत्या टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) बसतं, त्याला जागेवर धरायला खाच नाही किंवा चावीही नाही, त्यामुळे नट आवळला की ते केसभर सरकतं आणि कागद लवकर नाहीतर उशिरा सुटतो. परत पुलर, परत कागद. बायको दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही. शेवटी पिनियनवर नळी ठेवून हलकाच ठोका दिला, ते टेपरवर धरलं आणि मग नट आवळला, तेव्हा जागेवर राहिलं.

चालू झाल्यावर पहिलं काम म्हणजे ऑइल टँकचं झाकण उघडून बघणं. ह्या गाडीचं ऑइल इंजिनखाली नसतं, वेगळ्या टँकमधून जाऊन परत येतं, आणि ते परत येताना पचक पचक उडताना दिसलं की पंप ठीक आहे. मग लांबची चक्कर. टॉप गिअरला ती सावकाश ठोके टाकत चालते, चढ लागला की लिव्हर थोडी मागे, सपाटीला पुढे, स्पार्क कधी पडावा हे हातात असतं आणि कान सांगतो तसं करायचं. ब्रेक ड्रमचे आहेत, तेव्हा पुढे काय होणार त्याचा अंदाज आधीच घ्यावा लागतो, मोबाइलकडे लक्ष जायचा प्रश्नच नाही. हाफवेला मुद्दाम बंद केली, इंजिनवर हात ठेवता येत नव्हता इतकं गरम, आणि लगेच किक मारली. एका किकमध्ये! तिथे कोणीच नव्हतं तरी मी मोठ्याने हसलो.

आता डायनॅमो बॅटरी चार्ज करत नाहीये. मॅग्नेटोला त्याचं सोयरसुतक नाही, गाडी मजेत पळते, फक्त हेडलाइट मिणमिणतो, त्यामुळे डायनॅमो उघडेपर्यंत अंधार पडायच्या आत घरी.