तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी मिळत असताना नशिबाच्या चिठ्ठीवर का सोडलंस?

शब्द वेगवेगळे असतात, प्रश्न एकच. "ती थायरॉइडची गोळी आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळते. दोनदा गर्भ गेला होता तुझा. तरी इंग्लंडात प्रयोगात नाव का घातलंस? साखरेची गोळी मिळू शकते हे माहीत असून?"

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात (बारशांना मी जाते), आणि परवा नणंदेच्या मैत्रिणीनेही विचारलं. आजवर "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून मी विषय तोडत आले. ते चूक होतं. न कळण्यासारखं त्यात काही नाही.

माझा टीएसएच (थायरॉइड ग्रंथी नीट चालते का, ते दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल होता, हे आधी लक्षात घ्या. ज्यांची ग्रंथी कमी चालते त्यांनी गरोदरपणात गोळी सोडायची नसते, उलट बऱ्याच जणींचा डोस वाढवावा लागतो. माझं ऐकून कुणी गोळी बंद केली तर मला ते सहन होणार नाही. माझ्या रक्तात फक्त अँटी-टीपीओ अँटिबॉडी होत्या. शरीर आपल्याच ग्रंथीवर उठलेलं, पण ग्रंथी अजून आपलं काम करत होती. अशा बायकांचे गर्भपात इतरांपेक्षा जास्त वेळा होतात, एवढं तेव्हा दिसलेलं होतं. गोळी दिली तर टिकतात का, हा प्रश्न मोकळाच होता. २००६ साली इटलीतला एक अभ्यास आला होता: गोळी घेणाऱ्यांत ३.५ टक्के गर्भपात, न घेणाऱ्यांत १३.८ टक्के. आकडे वाचून कुणालाही वाटेल, मग द्या की गोळी! पण त्यात अशा अँटिबॉडीवाल्या बायका होत्या जेमतेम ११५, आणि दुसऱ्या गटाला खोटी गोळीसुद्धा दिलेली नव्हती.

म्हणून बर्मिंगहॅम विद्यापीठाने 'टॅब्लेट' नावाची चाचणी घेतली. ब्रिटनमधली ४९ रुग्णालयं. निम्म्या बायकांना ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तीच थायरॉइडची गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला कोणती, ते ना आम्हाला माहीत, ना डॉक्टरांना. गर्भ राहण्याआधीपासून सुरू करायची आणि शेवटपर्यंत घ्यायची. २०१४ साली मी सही केली. ठाऊक असलेला उपाय कुणी माझ्यापासून लपवत नव्हतं. तो उपाय आहे की नाही, हेच शोधायचं होतं.

हे झालं सरळ उत्तर. बरोबर आहे आणि अपुरं आहे.

त्या वेळी मी सगळ्यांना सांगायचे की पुढच्या बायकांसाठी हे करतेय. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, खरंच? दुसऱ्या गर्भपातानंतर मला रुग्णालयातून एक पत्रक देऊन घरी पाठवलं होतं. कारण नाही, तपासणी नाही, "पुन्हा प्रयत्न करा." चाचणीत गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझं रक्त तपासलं, नाव लक्षात ठेवलं, फोन करून विचारलं. आणि एरवी तिथे न मिळणारी गोळी मिळण्याची निम्मी शक्यता होती. पुढच्या बायका माझ्या मनात होत्या, नव्हत्या असं नाही. पण आधी मी होते.

आणि दुसरं, जे मी कुणाला सांगितलेलं नाही.

२०१५ च्या फेब्रुवारीत दिवस राहिले. आईला सहाव्या आठवड्यात सांगितलं. पंधरा दिवसांत काकूने कुणा ओळखीच्यांच्या बॅगेतून बाटली पाठवली: तेच थायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅम, शंभर गोळ्या. सोबत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि चिठ्ठी, 'उपाशीपोटी घे, कुणाला सांगू नकोस.' धाकट्या जाऊबाईंच्याही अँटिबॉडी वाढलेल्या होत्या. पुण्यात डॉक्टरांनी त्यांना लगेच गोळी सुरू केली होती आणि त्यांचा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. "वहिनी, तुम्ही घ्याच," त्या मला म्हणाल्या होत्या. प्रेमाने म्हणाल्या होत्या.

मी चार दिवस ती गोळी घेतली. पहाटे पाचला उठायचे, नवरा झोपलेला असायचा. आधी चाचणीची गोळी, मग काकूची. दोन्ही पांढऱ्या, जवळजवळ एवढ्याशाच. पाचव्या दिवशी मी रिसर्च नर्सला फोन केला. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, सांगितलंत ते बरं केलंत, तारखा सांगा, मी लिहून घेते. रक्त तपासलं, ठीक होतं. बाटली ठेवून द्या म्हणाली. मी ठेवून दिली.

नवव्या आठवड्यात थोडा डाग दिसला म्हणून सोनोग्राफीला गेलो. खोलीत अंधार होता. नवरा आमचे दोन्ही कोट हातात धरून उभा होता, कारण ठेवायला जागा नव्हती. तपासणाऱ्या बाई आधी बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. त्या क्षणी मला कळलं होतं. "खात्री करायला मी सहकाऱ्याला बोलावते," म्हणून त्या बाहेर गेल्या, आणि त्या दोन-तीन मिनिटांत नवऱ्याने मला विचारलं, "म्हणजे अजून नक्की नाही ना?" मी काही बोलले नाही. दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी पाहिलं, मान हलवली. वाढ सात आठवड्यांवर थांबलेली होती. सात आठवडे म्हणजे बाटली आली त्याच्याही आधी. हे गणित मी तिथे पडल्या पडल्या केलं, पोटावरचा जेल पुसायच्या आत.

रात्री आईला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, "काकूने पाठवलेली गोळी घेत होतीस ना?"

"चार दिवस घेतली."

"चारच दिवस?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण तुम्ही तो प्रश्न विचारता तेव्हा मला ते 'चारच' ऐकू येतं, आणि मग मी तुटक बोलते.

२०१९ च्या मार्चमध्ये निकाल प्रसिद्ध झाला. १९,५८५ बायकांचं रक्त तपासून त्यातल्या ९५२ जणींना चाचणीत घेतलं होतं. किमान ३४ आठवडे पूर्ण होऊन जिवंत बाळ झालं: गोळीच्या गटात ३७.४ टक्के, बिनऔषधाच्या गोळीच्या गटात ३७.९ टक्के. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून मी ते वाचलं आणि खूप रडले. चार दिवस किंवा चाळीस, माझ्या हातात काही नव्हतं असं तो कागद म्हणत होता. त्या ९५२ जणींतली एक मी होते, याचा मला अभिमान वाटला. अजून वाटतो. मग २०२२ मध्ये वारंवार गर्भपात झालेल्या बायकांवरची युरोपातली चाचणीही तेच म्हणाली: गोळीच्या गटात ५० टक्के बायकांना बाळ झालं, बिनऔषधाच्या गटात ४८ टक्के.

पण संध्याकाळपर्यंत पुन्हा मन सुरू झालं. सरासरी म्हणजे सगळ्या बायका मिळून. त्या ९५२ मध्ये अशी एखादी असेल का, जिला गोळी लागू पडली असती? मला कोणती गोळी मिळाली होती, हे मी आजवर विचारलेलं नाही. बिनऔषधाची निघाली तर काय, आणि औषधाची निघाली तर काय, दोन्हीचं उत्तर माझ्याकडे नाही. जाऊबाईंचा मुलगा गोळीमुळे झाला का? त्या हो म्हणतात. दुसऱ्या गटातही ३७.९ टक्के बायकांना बाळ झालं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांच्या घरात बसून ते कसं सांगणार?

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने नाशिकहून रिपोर्ट पाठवला. टीएसएच २.१ म्हणजे नॉर्मल, अँटी-टीपीओ ४१२ म्हणजे वाढलेल्या, एक गर्भपात झालेला. "ताई, डॉक्टर म्हणतात हवी तर गोळी सुरू करू. करू का?" मी तिला दोन्ही चाचण्यांचे आकडे लिहून पाठवले. दिवस राहिले की टीएसएच लगेच आणि नंतरही तपासायला लाव, तो वाढला तर गोळी घ्यायचीच, तेव्हा टाळाटाळ नको, असंही लिहिलं. तिने वाचलं आणि रात्री उत्तर आलं, "कळलं गं सगळं. तरी मी सुरू करते."

मी "नको" लिहिलं. मग ते पुसलं आणि "सकाळी उपाशीपोटी घे, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीपासून चार तास लांब" एवढंच पाठवलं.