पॉलिश पेपरची अक्षरं : पहिल्या बारा पाट्यांपर्यंत

बोट फिरवून अक्षर शिकता यावं म्हणून पाटीवर पॉलिश पेपरची अक्षरं चिकटवायचा हा संच सध्या इथवर आला आहे: न, म, ग, त, र, क, ल, स, प, ब, व ही ११ अक्षरं आणि एक सुटा काना. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. जोडीला रव्याची थाळी आणि नाडी ओवायच्या ४ पट्ट्या.

क्रम वर्णमालेचा नाही, मुद्दाम. क ख ग घ ङ ही मांडणी उच्चाराच्या जागेप्रमाणे आहे. कानाला ती सुरेख लागते, पण हाताला दुसऱ्याच नंबरावर ख गाठावा लागतो आणि पाचव्यावर कधीच न लागणारा ङ. न, म, ग, त यांचा शेवट एकाच हालचालीत होतो, उजवीकडचा उभा दंड वरून खाली. ती हालचाल एकदा बोटात बसली की चारही अक्षरं सोपी जातात. शिवाय काना मिळाला की लगेच शब्द तयार: कान, नाक, मका, काम, पान, ताक, साप, रवा.

माल

पाटीला ३ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), १४ × १२ सेंमी, कोपरे घासून गोल केलेले. पॉलिश पेपर १५० नंबरचा. ८० नंबरवर दहा वेळा बोट फिरवलं की शेंडा लाल होतो; ३२० ला पाटी आणि अक्षर यांतला फरक बोटाला धड कळत नाही. दुकानात मिळणारा ताव साधारण २३ × २८ सेंमीचा असतो, एका तावात ४ अक्षरं, म्हणजे ११ अक्षरांना ३ ताव. कान्याचं काम कातरणात भागतं. कापडी पाठीचा ताव घेऊ नये. तो गुंडाळला जात नाही हे खरं, पण वळणावर त्याचे धागे सुटतात आणि न ची गाठ कापणं जिकिरीचं होतं.

पाटीचा रंग गुळगुळीत हवा, म्हणजे खरखरीतपणा उठून लागतो. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असल्याचं वाचून घ्या. कपाटातला वीस वर्षांपूर्वीचा उरलेला डबा या कामाला नको.

साचा

संगणकावरून साचा छापणारे हमखास इथे फसतात. बऱ्याच फॉन्टांमध्ये मूळ रूपं हिंदी वळणाची असतात, त्यामुळे ल दंडाचा येतो आणि श शेंडीफोड्या. मराठी शाळेत पाकळीचा ल (दोन पाकळ्यांसारखा, दंड नसलेला) आणि देठाचा श लागतो. पाटीवर एक ल आणि पहिलीच्या पुस्तकात दुसरा, असं झालं तर पोराला एकाच अक्षरासाठी दोन चित्रं लक्षात ठेवावी लागतात. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्यावर ती उमटतात. नसतील तर ल हातानेच काढा.

दुसरी अडचण गाठीची. अक्षराच्या पट्टीची रुंदी आधी १० मिमी धरली होती. न ची गाठ २२ मिमीची, तिच्यात भोक उरलं २ मिमी, म्हणजे नुसता ठिपका. बोट गाठीभोवती फिरण्याऐवजी तिच्यावरून थेट पुढे घसरतं आणि मग कागदावरही न ला गाठ येत नाही, गोळा येतो. आता पट्टी ८ मिमी आणि गाठ बाहेरून २६ मिमी ठेवली आहे, आत १० मिमी मोकळं राहतं. हेच माप म ला.

कापणं, चिकटवणं

साचा तावाच्या पाठीवर उलटा लावायचा, आरशात दिसतो तसा. सुलटा लावला की खरखरीत बाजूने अक्षर उलटं निघतं आणि ताव वाया जातो. कात्री वापरू नका, दोन अक्षरांत तिची धार जाते. कटरने पाठीकडून कापा, पातं दर तीन अक्षरांनी मोडून पुढे घ्या.

पांढऱ्या गोंदात पाणी असतं. ते कागदाच्या पाठीत मुरलं की पाठ फुगते, दाण्यांची बाजू फुगत नाही, आणि पट्टीची टोकं उचलली जातात. मुलांची नखं नेमकी तिथेच जातात. उपाय: जुन्या एटीएम कार्डाने गोंदाचा पातळ थर, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पाटा किंवा तसंच ४-५ किलोंचं वजन, रात्रभर. कडेने गोंद बाहेर आला तर वाळायच्या आत पुसा, नाहीतर दाण्यांत बसून तेवढा भाग गुळगुळीत होतो.

शिरोरेषेचं काय

सगळ्यांत जास्त वेळ यात गेला. अक्षर आणि शिरोरेषा एकसंध कापली तर मुलाचं बोट आधी आडव्या रेघेवरच जातं, कारण ती सर्वांत वर आणि सरळ असते. लिहिताना मात्र ती शेवटी येते. म्हणून शिरोरेषा वेगळी केली: ३२० नंबरच्या कागदाची ६ मिमी पट्टी, अक्षरापासून १ मिमी अंतर सोडून. बोटाला ती सौम्य लागते, डोळ्याला अक्षर अखंड दिसतं. सुरुवातीच्या जागी हिरव्या रंगाचा ठिपका. मणी किंवा मोहरी चिकटवू नये, निघाली की थेट नाकात.

अक्षर पाटीच्या मधोमध ठेवलं आहे. डावीकडे धरायला जागा सोडण्याची पद्धत आहे, पण डावखुऱ्या मुलाचा हात मग अक्षरावरच येतो. पाटी सरकू नये म्हणून खाली रबरी चटईचा तुकडा.

वापर

तर्जनी आणि मधलं बोट जोडून, एका वेळी दोनच पाट्या, पाच-सात मिनिटं. ‘हा न.’ मग ‘न कुठाय?’ आणि शेवटी बोट ठेवून ‘हा कुठला?’ तिसऱ्या प्रश्नाला अडखळलं तर उत्तर न सांगता पहिल्यावर परत. ‘न नळाचा’ सध्या नको. मूल नळ वाचतं, न नाही. ब आणि व एका दिवशी काढू नका, पोटातल्या एका तिरक्या रेघेचाच फरक आहे. निदान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

पाटीनंतर लगेच रव्याची थाळी, म्हणजे आपली जुनी धूळपाटीच. तळाला गडद कागद, वर ३ मिमी रवा. थर ६ मिमीचा झाला तर रेघ मागून मिटत जाते. पावसाळ्यात रवा दमट होऊन गोळे धरतो. कोरडा भाजून, पूर्ण गार करून घ्या. रांगोळी वापरू नये, तिची धूळ उडते.

ओवायच्या पट्टीला ६ मिमीची भोकं, दोन भोकांत २० मिमी. भोक पाडताना खाली टाकाऊ लाकूड ठेवा, नाहीतर मागच्या बाजूला सालपट उडतं. सुती नाडीची टोकं वितळलेल्या मेणात २ सेंमी बुडवली की आठवडाभर ताठ राहतात. नाडी ४५ सेंमी पुरे.

सुटा काना आला की कान आणि नाक एकाखाली एक मांडा: तेच न, तोच काना, तोच क. इथे मूल पहिल्यांदा डावीकडून उजवीकडे डोळा फिरवतं, कारण नुसत्या आकारावरून ओळखून भागत नाही.

पहिली वेलांटी अजून केलेली नाही. ती लिहायला अक्षराच्या आधी आणि ऐकायला नंतर, त्यामुळे सुटी ठेवली तर मूल तिच्यापासूनच वाचायला लागतं. सध्या विचार असा की वेलांटी आणि अक्षर एकाच रुंद पाटीवर, १८ × १४ सेंमी, आणि हिरवा ठिपका मात्र अक्षरावर.