एक ठिपका की चार? सिंहगडाची ऑक्टोबर फेरी

यंदाची ही तिसरी फेरी. पाऊस थांबून दहाएक दिवस झालेत, आतकरवाडीची पायवाट सुकलीये आणि सोनकी उतरणीला लागलीये. मुद्दाम उशिरा निघालो. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं पंखही उघडत नाहीत, हे मागच्या दोन फेऱ्यांत उगाच पहाटे उठून शिकलोय.

खालच्या टप्प्यात नेहमीचीच मंडळी: ग्रास यलो, लेमन पॅन्सी, घाणेरीवर लाइम. ब्लू मॉर्मन एकदाच, तोही डोक्यावरून. २०१५पासून राज्य फुलपाखरू आहे, त्यामुळे भाव खाणारच. झाडीतल्या सावलीत पालापाचोळ्यावर दोन इव्हनिंग ब्राउन होती. एकाच्या पंखाखाली डोळे स्पष्ट, म्हणजे पावसाळी रूप. दुसरं हुबेहूब वाळकं पान. ऑक्टोबरात हे दोन्ही वेष शेजारी शेजारी सापडतात, म्हणून मला हा महिना आवडतो.

मधल्या टप्प्यावर एका दगडावर डॅनाइड एगफ्लायचा नर बसला होता. काळा, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या, ऊन तिरकं पडलं की त्यांच्या कडेला जांभळी झाक. जवळ गेलो की उडायचा, चक्कर मारून परत त्याच दगडावर. नर असा जागा राखून बसलाय म्हणजे मादीही आसपास असणार, म्हणून तिथेच ठाण मांडलं.

समोर खुळखुळ्याचं झुडूप होतं. त्यावर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर आणि कॉमन क्रोची गर्दी, बहुतेक सगळे नर. फुलांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सुकलेली पानं पायांनी खरवडून त्यातला रस सोंडेने ओढणं चाललेलं. मादीला भुलवणारा गंध तयार करायला त्यांना त्यातली विषारी द्रव्यं लागतात. एक स्ट्राइप्ड टायगर इतका गुंग होता की मी दुर्बीण बाजूला ठेवून वीतभर अंतरावरून पाहिला.

नारिंगी फुलपाखरं मात्र रुईच्या बाजूला होती. सवयीने वहीत लिहायला लागलो: प्लेन टायगर, प्लेन टायगर... पाचवं जमिनीलगत पंख पसरून बसलं होतं. दुर्बीण लावून मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजले. प्लेन टायगरच्या नराला चार असतात, मादीला तीन. हिला एकच, पंखाच्या वरच्या कडेपाशी. छातीही तपकिरी, प्लेन टायगरच्या काळ्या छातीवर पांढरे ठिपके असतात, ते नाहीत. डॅनाइड एगफ्लायची मादी! विषारी प्लेन टायगरचं सोंग घेऊन पक्ष्यांना फसवते, आणि मलाही. एक पाऊल पुढे टाकलं तर अशी झपकन वेडीवाकडी उडाली की सोंग तिथेच उघडं पडलं. प्लेन टायगरला इतकी घाई कधीच नसते.

घरी येऊन गेल्या वर्षीच्या वह्या काढल्या. प्लेन टायगरच्या ४१ नोंदी, त्यातल्या १७ फोटोसह. फोटो मोठे करून बघितले, तर दोघींना एकच ठिपका. बाकीच्या २४ नोंदींपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढलीत. जिवावर आलं, पण इलाज नाही. तुमच्याही वह्या एकदा तपासा.

उतरताना पायथ्याच्या आजींकडे ताक प्यायलो. त्यांच्या बांधावर घोळीची भाजी माजलीये. याच घोळीवर एगफ्लायची मादी अंडी घालते आणि आजी तीच भाजीला खुडत होत्या. म्हटलं, "आजी, एक कोपरा ठेवा ना तेवढा." "कशाला रं पोरा, किड्यांस्नी खायाला?" म्हणाल्या, पण विहिरीकडची बाजू ठेवलीये. पुढच्या रविवारी पानं उलटून बघणार आहे.