वऱ्हाडपांडे ३२ बाइटमध्ये मावत नाहीत

वऱ्हाडपांडे हे आडनाव नागपुरात नवीन नाही. वाचणाऱ्याला त्यात पाच अक्षरं दिसतात: व, ऱ्हा, ड, पां, डे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेला लांबी विचारली तर ती भाषा ११ सांगते. ती कोड पॉइंट मोजते, म्हणजे युनिकोडमधलं एकेक चिन्ह: काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे. रस्ट ही दुसरी भाषा ३३ सांगते, कारण तिथे लांबी म्हणजे यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत लिहायची पद्धत) चे बाइट, आणि देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. सी या भाषेकडे तयार उत्तरच नाही. तिथे स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, हा मेमरीतला नुसता एक पत्ता असतो, आणि तिथून शून्य किमतीचा बाइट भेटेपर्यंत चालत राहायचं. लांबी कुठे लिहून ठेवलेली नसते.

हेच आडनाव रोमन लिपीत लिहा. अक्षरं ११ आणि बाइटही ११. म्हणून इंग्रजी नावं टाकून तपासलेला प्रोग्राम सगळीकडे पास होतो. एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामला स्ट्रिंग देतो तिथे जे काही बिघडू शकतं, ते इंग्रजी मजकूर झाकून ठेवतो आणि मराठी आडनाव पहिल्याच दिवशी उघडं पाडतं, असं माझं ठाम मत झालंय.

आमचं काम छोटंच. कळमन्याच्या मार्केट यार्डाकडे जे धरमकाटे (गाड्या तोलायचे काटे) आहेत, त्यातल्या एकाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. आम्ही म्हणजे मी आणि ऑफिसातला एक पोट्टा, जो कॉलेजातून नुकताच बाहेर पडलाय आणि माझ्यापेक्षा रस्ट चांगलं लिहितो. स्क्रीन पायथनमध्ये आहे. काट्याच्या वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरशी बोलणारी आणि पावतीची नोंद ठेवणारी लायब्ररी सी मधली, इंडिकेटरबरोबर आलेली. तिची हेडर फाइल (आत कोणती फंक्शनं आणि रकाने आहेत त्याची यादी) मिळाली, सोर्स म्हणजे मूळ कोड नाही. त्या हेडरमध्ये पावतीचं स्ट्रक्चर आहे: आडनावाला ३२ बाइट, त्याला लागूनच गावाला ३२ बाइट, मग गाडी नंबर, मग वजनं.

आंबिया बहाराच्या गर्दीत मुनीमजींचा फोन आला. "मॅडम, हे आडनावात काटोल काऊन छापून राहिलं?"

पावतीवर छापलं होतं: वऱ्हाडपांड, मग काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणि त्याला चिकटून काटोल. खालच्या ओळीत गाव म्हणून पुन्हा काटोल, व्यवस्थित. सोर्स नसला तरी मेमरी उघडून बघता येते. आडनावाच्या रकान्यात ३२ च्या ३२ बाइट भरलेले होते आणि शून्य कुठेच नव्हतं. असं वागणारं फंक्शन सी च्या जगात प्रसिद्ध आहे, स्ट्रएनकॉपी. नावावरून वाटतं की ही सुरक्षित कॉपी असेल. पण ठरवून दिलेल्या मर्यादेइतका किंवा त्याहून मोठा मजकूर आला तर ते मर्यादेपर्यंत भरतं आणि शेवटचं शून्य टाकतच नाही. मुळात ते जुन्या युनिक्समधल्या ठरावीक रुंदीच्या रकान्यांसाठी बनलं होतं, १४ बाइटांची फाइलनावं वगैरे. तिथे रकाना पूर्ण भरला तर शून्याची गरज नसे. त्या कामाला ते ठीकच होतं.

आता हिशेब करा. ३३ पैकी ३२ बाइट आत गेले. पहिली दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट, पूर्ण. अकरावं चिन्ह शेवटची मात्रा. तिचे बाइट २२४, १६५, १३५. त्यातले दोन आत, तिसरा बाहेर. मग वाचणारा प्रोग्राम शून्य शोधत पुढे निघाला तो थेट गावाच्या रकान्यात. काटोलचा 'क' सुरू होतो २२४ ने, तेव्हा आधीची मात्रा अर्धवटच राहिली हे डिकोडरच्या (बाइटांवरून अक्षरं काढणाऱ्या कोडच्या) लक्षात आलं आणि त्याने त्या दोन अनाथ बाइटांच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवलं. काटोल संपल्यावर शून्य होतं म्हणून वाचणारा थांबला. गावाचं नावही लांब असतं तर गाडी नंबरही आडनावात आला असता.

पोट्ट्याने लगेच ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीची हद्द ओलांडणारा कोड पकडणारं साधन) लावून बघायची कल्पना काढली. चांगली सवय आहे, पण इथे उपयोग नाही. आडनाव आणि गाव एकाच स्ट्रक्चरच्या पोटात आहेत. एका रकान्यातून दुसऱ्यात वाचत गेलं तरी स्ट्रक्चरच्या हद्दीबाहेर कोणी पाऊल टाकलेलं नाही. सॅनिटायझरच्या दृष्टीने सगळं कायदेशीर.

लायब्ररीवाल्यांचं उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत रकाना ६४ करून देऊ. ६४ म्हणजे शेवटच्या शून्यासह २१ चिन्हं. वडिलांचं नाव मध्ये टाकून पूर्ण नाव लिहिलं की तेही संपतं. दुसरा उपाय लोक सांगतात तो म्हणजे चिन्हाच्या सीमेवर कापा. यूटीएफ-८ मध्ये ते सोपं आहे: १२८ ते १९१ मधला बाइट म्हणजे चिन्हाच्या मधला तुकडा, तो दिसला की मागे सरकत जायचं. मग वऱ्हाडपांड एवढं नीट उरतं. डिकोडर खूश. पण पैशाच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव भलतंच छापलेलं, आणि आता ते भलतं आहे हे दाखवायला प्रश्नचिन्हसुद्धा नाही! मला हा प्रकार आधीपेक्षा वाईट वाटतो. मावत नसेल तर एरर द्या. सी मधलं, मजकूर ठरलेल्या जागेत लिहिणारं एसएनप्रिंटएफ सारखं फंक्शन निदान किती जागा लागली असती ते परत सांगतं. तो आकडा तपासणारे मात्र मी फार कमी पाहिलेत.

जो बाइट १२८ च्या पुढचा असतो त्याचा आणखी एक त्रास आहे. सी मध्ये एका बाइटचा कॅर हा प्रकार अधिक-उणे चिन्हासहित की त्या चिन्हाविना, हे भाषेने ठरवलेलं नाही. साध्या इंटेल पीसीवरच्या लिनक्समध्ये तो चिन्हासहित असतो, एआरएम वरच्या लिनक्समध्ये चिन्हाविना. म्हणजे २२४ हा बाइट एकीकडे २२४ आणि दुसरीकडे उणे ३२. कुणी '३२ पेक्षा लहान असेल तर कंट्रोल कॅरेक्टर समजून गाळा' अशी ओळ लिहिली असेल, तर पीसीवर अख्खं मराठी नाव गायब होतं आणि छोट्या एआरएम बोर्डावर तोच प्रोग्राम ते नीट छापतो. रोमन नाव दोन्हीकडे छापलं जातं, त्यामुळे शंका प्रिंटरवर जाते.

मोजमापाचं इतकं. मालकीचा प्रश्न वेगळा, आणि तो जास्त छळतो, कारण तिथे चूक असली तरी बहुतेक वेळा सगळं चालतंय असंच दिसतं.

सी चं फंक्शन पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतं तेव्हा तो मजकूर कोणाचा? आमच्या लायब्ररीत दोन तऱ्हा निघाल्या. 'शेवटची पावती' देणारं फंक्शन आतल्या एका कायमच्या बफरचा पत्ता देतं. तो मोकळा करायचा नाही, पण पुढच्या कॉलला त्यावरच नवीन मजकूर लिहिला जातो. 'एरर मेसेज' देणारं फंक्शन मात्र दर वेळी नवी मेमरी घेतं आणि ती मोकळी करायला वेगळं फंक्शन देतं. दोघांचा परतीचा प्रकार हेडरमध्ये अगदी सारखा लिहिलेला आहे. कॉमेंट नाही. शेजारच्या घरून आलेला डबा धुऊन त्याच घरी द्यायचा असतो, एवढा नियम इथे पुरतो: ज्याने मेमरी घेतली त्यानेच ती सोडायची. विंडोजवर हे अक्षरशः खरं आहे. एका डीएलएलमध्ये (विंडोजच्या लायब्ररी फाइलमध्ये) सी ची स्वतःची रनटाइम आत जोडलेली असेल तर तिचा हीपही, म्हणजे मागेल तशी मेमरी देणारा साठाही, वेगळा असू शकतो. तिथून घेतलेला तुकडा आपल्या बाजूच्या फ्री (मेमरी सोडणाऱ्या फंक्शन) ला दिला की प्रोग्राम कोसळू शकतो, आणि कोसळला तर नशीब समजा. न कोसळता हीप खराब झाला तर शोधत बसा.

पायथनच्या सीटाइप्समध्ये (पायथनमधून सी ची फंक्शनं चालवायच्या सोयीत) यावर दोन सापळे आहेत. फंक्शनचा परतीचा प्रकार सांगितलाच नाही तर सीटाइप्स इंट, म्हणजे ३२ बिटचा पूर्णांक, धरतं. ६४ बिटच्या मशीनवर पत्त्याचा वरचा अर्धा भाग उडतो. आणि तो प्रकार 'कॅर पॉइंटर' असा सांगितला तर पायथन मजकुराची बाइट्समध्ये कॉपी करून देतो आणि मूळ पत्ता विसरून जातो. मजकूर बरोबर येतो, पण मोकळं करायला हातात काही उरत नाही. काटा दिवसभर चालू असतो, दर एररला थोडी मेमरी गळते. म्हणून आम्ही परतीचा प्रकार व्हॉइड पॉइंटर ठेवतो, त्यावरून मजकुराची कॉपी घेतो, आणि मग लायब्ररीच्याच फंक्शनने तो सोडतो. उलट दिशेला, पायथनने दिलेला पत्ता सी ने कॉल संपल्यावरही जपून ठेवला तर पायथनमधली वस्तू जिवंत ठेवणं आपलं काम. सी ने पत्ता घेतलाय हे पायथनच्या गार्बेज कलेक्टरला (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याला) कळत नाही.

पोट्ट्याने मध्ये रस्टचा एक पातळ थर टाकला. त्याचं म्हणणं, सीमेवर भांडखोर माणूस उभा पाहिजे. रस्टची सीस्ट्रिंग (सी ला द्यायच्या मजकुराचा प्रकार) मजकुराच्या मध्येच शून्य बाइट दिसला तर एरर देते, आणि आमच्याकडे तसं येतं, कारण इंडिकेटर आपले रकाने शून्यांनी भरून पाठवतो. रस्टमध्येही एक जुनी खोड आहे: एकाच ओळीत सीस्ट्रिंग बनवली आणि तिथेच तिचा पत्ता घेतला तर ओळ संपताच सीस्ट्रिंग मरते आणि सी च्या हातात मेलेला पत्ता राहतो. कंपायलर आता यावर इशारा देतो. १.७७ आवृत्तीपासून (२०२४) थेट सी च्या स्ट्रिंग लिटरलही लिहिता येतात, त्यामुळे ठरलेल्या मजकुरासाठी हा प्रसंगच येत नाही. आमचा वाद झाला तो 'लॉसी' रूपांतरावरून. बिघडलेल्या बाइटांच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जाणारं हे फंक्शन त्याने सगळीकडे वापरलं होतं. मी म्हटलं, लॉगमध्ये ठेव, डेटाबेसकडे जाणाऱ्या वाटेवर नको. एकदा प्रश्नचिन्ह साठवलं की मूळ बाइट गेले ते गेलेच.

थर झाला, पण शेवटी जे केलं ते त्याहून साधं. नाव सी कडे पाठवणंच बंद केलं. लायब्ररीला आता फक्त पावती क्रमांक जातो, तोही इंग्रजी आकड्यांत. नाव, गाव आमच्या डेटाबेसमध्ये राहतात, आणि पावती पायथनच चित्र म्हणून प्रिंटरला देतो. कितीतरी ठिकाणी स्ट्रिंग केवळ सवयीने पलीकडे जाते, पलीकडच्याला तिचं काहीच काम नसतं.

ऱ चा प्रश्न तरी उरलाच. वऱ्हाडपांडे दोन तऱ्हांनी टाइप होतात. काही कीबोर्ड स्वतंत्र ऱ देतात. काही जुने ऑपरेटर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. एक ३३ बाइट, दुसरं ३६. एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारं युनिकोडचं एनएफसी रूप र आणि नुक्ता मिळून ऱ करतं, पण जोडकवाल्याला हात लावत नाही. ॲड. मधल्या ॲ चंही तेच: २००८ साली त्याला स्वतःचा कोड पॉइंट मिळाला, पण अ, जोडक आणि चंद्र असं लिहिणारे अजून आहेत, आणि एनएफसी दोघांना एक मानत नाही. अशा दोन तऱ्हांची एक करायचे बदल आम्ही पायथनमध्ये, मजकूर आत येतानाच करतो. प्रत्येक भाषेने आपापली साफसफाई केली तर एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात.

चाचणीच्या फाइलमध्ये आता दोन्ही वऱ्हाडपांडे आहेत. दहा चिन्हं आणि एका बाइटचा एक पूर्णविराम, म्हणजे बरोबर ३१ बाइट, असं एक नाव आहे. रिकामं नाव आहे. आणि अडत्यांसाठी जावा भाषेतलं ॲप सुरू झाल्यापासून एक दुकान आहे, ज्याच्या मालकाने नावापुढे संत्र्याचं इमोजी लावलंय. मला आधी तो आगाऊपणा वाटला. पण जावाकडून सी कडे मजकूर देणारी जेएनआय 'सुधारित' यूटीएफ-८ देते. त्यात देवनागरी जशीच्या तशी येते, वऱ्हाडपांडे बिनदिक्कत पास होतात. संत्र्याचे मात्र चारच्या जागी सहा बाइट होतात आणि रस्टचा थर ते घ्यायला नकार देतो. आम्ही तिथे जावाकडूनच खऱ्या यूटीएफ-८ ची बाइट-ॲरे मागवतो आणि सोबत लांबी पाठवतो.