बोटीवरच्या मुक्कामाची निवड
पुण्यातून व्हिएतनामच्या सहलीची आखणी करताना हनोईतले हॉटेल आम्ही जुन्या शहरात, होआन किएम तळ्यापर्यंत पायी जाता येईल असे निवडले. मात्र तिथल्या अरुंद, उंच इमारतींतल्या स्वस्त खोल्यांना पुष्कळदा खिडकीच नसते, म्हणून आईसाठी खिडकी आणि लिफ्ट या दोन्हींची आधीच लेखी खात्री करून घेतली. कोणत्या उपसागरात बोटीवर मुक्काम करायचा, हा निर्णय अधिक विचाराचा होता. ‘हा लाँग’ नावाचा उपसागर १९९४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे आणि तिथे पर्यटकांची गर्दीही तशीच असते. त्याला लागून असलेल्या ‘लान हा’ उपसागरात चुनखडीचे तसेच सुळके आहेत, पण बोटी तुलनेने कमी, म्हणून मला तोच पसंत पडला. खोली इंजिनापासून दूरची मागितली. वादळी हवेत फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतील, ही अट मात्र आरक्षणापूर्वीच वाचून घ्यावी.