लिंबात फार वेळ नको

पेरूची राजधानी लिमा. तिथं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात कालवलेला कच्चा मासा, दुपारी खातात. पहाटे किनाऱ्याला लागलेला मासा दुपारच्या जेवणात संपवायचा, हा फ्रिजच्या आधीच्या काळातला शिरस्ता घरोघरी फ्रिज येऊनही पुरता मोडलेला नाही. नुसतं सेविचे विकणारी दुकानं, म्हणजे सेविचेरिया, चार-पाचच्या सुमारास शटर ओढून मोकळ्या होतात. पर्यटकांसाठी रात्रीही मिळतं म्हणा, पण रात्री मागणाऱ्याकडे जुना लिमाकर जरा कीव आल्यासारखं बघतो. बायकोला हा नियम एकदम पटला. ती मालवणची. संध्याकाळी मासे घ्यायला निघणाऱ्या माणसाबद्दल तिचंही मत साधारण हेच आहे.

म्हणून आम्ही निक्केई जेवायला गेलो ते भर दुपारी, मिराफ्लोरेस भागात. निक्केई म्हणजे परमुलखात जाऊन राहिलेले जपानी आणि त्यांची पोरंबाळं. पेरूत त्यांच्या स्वयंपाकालाही तेच नाव पडलंय. हॉटेलचं नाव सांगत बसत नाही, तशी तिथं चिक्कार आहेत. लाकडी काउंटर, त्यामागे आचारी, काचेखाली बर्फावर मांडलेले मासे, आणि बाहेर लिमाचं ते राखाडी आभाळ. आत्ता पडेल, मग पडेल असं वाटायला लावतं आणि पडत काही नाही.

‘फ्यूजन’ हा शब्द मेन्यूवर दिसला की मी खिसा सांभाळतो. शेजवान डोसा, तंदुरी मोमो, चॉकलेटचे मोदक. दोन अनोळखी गोष्टी एका ताटात आणून सोडायच्या आणि म्हणायचं, नांदा आता. जपान आणि पेरू यांच्यामध्ये तर अख्खा प्रशांत महासागर आडवा पसरलेला. पण ही सोयरीक कुणा शेफनं नकाशावर बोट ठेवून जुळवलेली नाही. ती उसाच्या मळ्यांनी जुळवली.

३ एप्रिल १८९९ रोजी ‘साकुरा मारू’ नावाचं जहाज जपानच्या योकोहामाहून लिमाजवळच्या कायाओच्या बंदराला लागलं. त्यावर ७९० जपानी होते, करारावर आणलेले मजूर. किनारपट्टीवरच्या उसाच्या मळ्यांत त्यांना जुंपलं. चार वर्षांचा करार, मलेरिया, विषमज्वर, मुकादमाची भाषा कळत नाही आणि मजुरीचा हिशेब त्याहून कळत नाही. कित्येक जण करार पुरा व्हायच्या आत मेले, कित्येक रातोरात मळे सोडून पळाले. उरलेले हळूहळू लिमाकडे सरकले. कुणी न्हाव्याचं दुकान टाकलं, कुणी किराणा, कुणी खानावळ. खानावळीत जपानी जेवण मिळत नसे. गिऱ्हाईक पेरूचं, म्हणून पदार्थही पेरूचेच. हात तेवढे जपानी.

बाजारात त्यांना काही ओळखीच्या गोष्टी सापडल्या, त्या चिनी मजुरांच्या कृपेनं. चिनी त्यांच्याही आधी, १८४९ पासून, अशाच करारांवर तिथं येत होते. आलं, सोया सॉस, भाताची सवय हे सगळं त्यांनी आधीच रुजवून ठेवलं होतं. आणि समोर समुद्र. हम्बोल्टचा थंड प्रवाह पेरूच्या किनाऱ्याला घासून जातो, त्यामुळे तिथला समुद्र मासळीनं गच्च भरलेला. जपानी माणसाला याहून जास्त काय लागतं? वसाबी, म्हणजे माशाबरोबरची ती झणझणीत हिरवी चटणी, लागते, पण ती नव्हती. मिरची होती. मग मिरचीवर भागवलं.

आता सेविचेबद्दल. कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, मीठ, मिरची, लाल कांद्याच्या पातळ पाकळ्या. सोबतीला उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. पूर्वी मासा लिंबात तासन् तास मुरवत. आंबटामुळे त्यातली प्रथिनं आवळून येतात, काचेसारखं दिसणारं मांस दुधी, घट्ट होतं, विस्तवाशिवाय शिजल्यासारखं. फार वेळ ठेवलं तर रबर. (शिजल्यासारखं दिसलं तरी लिंबाला सगळे जंतू दाद देत नाहीत, मासा ताजा हवा तो हवाच.) मासा कच्चा खाण्यात हयात गेलेल्या जपान्यांना हे तासांचं मुरवणं झेपेना. त्यांनी काय केलं, तर घड्याळ कापलं. तासांची मिनिटं झाली. आज लिमात बहुतेक ठिकाणी सेविचे ताटलीत पडायच्या जेमतेम काही मिनिटं आधी कालवतात. त्याच हातांनी पुढे तिरादितो आणलं: तुकड्यांऐवजी साशिमीसारखे (जपानी कच्च्या माशाच्या कापांसारखे) लांब, पातळ काप, कांदा गायब, आणि लिंबाचं कालवण अगदी वाढताना वरून.

आमच्यासमोरचा आचारी तेच करत होता. लेपाच्या जातीचा एक चपटा मासा, लांबट, एकाच बाजूला धार असलेली सुरी. करवतीसारखी पुढेमागे नाही. मुठीजवळची धार माशाला टेकवायची आणि टोकापर्यंत एका दमात स्वतःकडे ओढून घ्यायची. काप खाली पडत नाही, सुरीलाच चिकटून राहतो. मग डाव्या हाताच्या बोटानं तो अलगद ताटलीत. दर दोन-तीन कापांनंतर सुरी ओल्या फडक्यावर पुसायची. ताटलीत काप गोलाकार लावून झाले, तेव्हा कुठे त्यानं लिंबाला हात लावला. लिंबू कापून अर्धं दाबलं आणि रस शिल्लक असताना फेकून दिलं.

“अरे, अर्धं लिंबू टाकलं त्यानं!” बायको मला म्हणाली. तिच्या माहेरी लिंबाची साल लोणच्यात जाते आणि उरलंसुरलं भांडी घासायला.

मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं. जास्त पिळलं की सालीचा कडूपणा रसात उतरतो, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. तो रस लेचे दे तिग्रेमध्ये गेला. लेचे दे तिग्रे म्हणजे सेविचेचा प्राण: लिंबाचा रस, माशाच्या कातरणीचे तुकडे, कांदा, सेलरी, आलं, मिरची, कोथिंबीर, बर्फाचे खडे, सगळं फिरवून गाळून घ्यायचं. दुधासारखं पांढुरकं होतं. आदल्या रात्री जास्त झालेल्यांना सकाळी हेच पेलाभर पाजतात. इथं त्यात आही आमारियो ही केशरी-पिवळी मिरची होती. तिखट आहे, पण आधी फळासारखी लागते आणि मग समजते.

पहिला काप तोंडात टाकल्यावर बायको थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सुरमईला लिंबू लावून ठेवलं की कडा पांढऱ्या पडतात ना, तिथंच थांबवलंय यांनी.” यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठल्या खाद्यसमीक्षकाकडून मिळालं नसतं. काप कडेला दुधी झाला होता, मध्ये अजून काचेसारखा. जिभेला दोन्ही लागत होतं.

ते लिंबूही तसं परकं नाही. पातळ सालीचं, लहान, हिरवट-पिवळं. आपलं कागदी लिंबू आणि हे एकच. ते आशियातून स्पेनवाल्यांबरोबर तिकडे गेलं. मिरची तिकडून निघून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली. देण्याघेण्याचा हिशेब असा फिटला, त्यात दोघांचाही फायदा झाला. मात्र तिथल्या रोकोतो मिरचीपासून जपून. दिसते लहान लाल ढब्बू मिरचीसारखी, आतल्या बिया काळ्या कुळकुळीत, आणि लागते अशी, की मालवणच्या माणसानंही ताकाचा विचार करावा.

मग ऑक्टोपस आला. जांभळट, फिकट, थंड सॉसखाली लपलेला. या रंगाकडे बघून बायकोनं आधी चमचा खाली ठेवला. हा पदार्थ रोसिता यिमुरा यांचा. जपानी वंशाच्या या बाई कायाओत जेवण घालत. ऑक्टोपसला त्या काळी तिथं फारसं कुणी विचारत नसे. बाईंनी तो मऊ शिजवला, चकत्या केल्या आणि काळे ऑलिव्ह वाटून घातलेल्या मेयोनेझमध्ये बुडवला. ऑलिव्ह स्पेनचे, ऑक्टोपस खायची खोड जपानची, आणि आज पेरूतल्या साध्यासुध्या हॉटेलांतही हा मिळतो. मला तिरादितोहून हा जास्त आवडला. तिरादितोत सुरीची हुशारी दिसते, त्याचं कौतुक करावं लागतं. ऑक्टोपस नुसता खाता येतो.

या सगळ्या काळात त्या समाजाचं काय चाललं होतं, ते मेन्यूकार्डावर छापलेलं नसतं. मे १९४० मध्ये लिमात जपान्यांची घरं-दुकानं लुटली गेली. पर्ल हार्बरनंतर पेरू सरकारनं सुमारे १,८०० जपानी-पेरूवासी अमेरिकेच्या हवाली केले; टेक्ससमधल्या क्रिस्टल सिटीसारख्या छावण्यांत त्यांना डांबलं. युद्ध संपल्यावर बहुतेकांना पेरूनं परत घेतलंच नाही. त्यात न्हावी होते, दुकानदार होते, मास्तर होते. पुढे १९९० मध्ये याच समाजातले आल्बेर्तो फुजिमोरी राष्ट्राध्यक्ष झाले आणि नंतर तुरुंगातही गेले. तो अध्याय काढला तर लिमात जेवण थंड होतं, लोक अजून भांडतात. मला वाटतं, ज्यांना परके म्हणून हाकलायला लोक टपलेले होते, त्यांनी दुसऱ्याच्या आवडीचं जेवण इतक्या जीव तोडून शिकावं, यात पाककलेची हौस कमी आणि नाइलाज जास्त असणार.

नाइलाजाचा सगळ्यात चविष्ट नमुना शेवटी आला. सुशी, पण भाताऐवजी बटाटा. काउसा नावाचा पेरूचा जुना पदार्थ आहे: पिवळा बटाटा उकडून, कुस्करून, त्यात लिंबू, आही आमारियो आणि तेल. थंडच खातात. रंग हुबेहूब बटाटेवड्याच्या सारणाचा, फक्त हळदीशिवाय. निक्केई आचाऱ्यांनी त्याचेच भातासारखे लांबट मुटके वळले आणि वर कोळंबी ठेवली. बटाटा जिथं हजारो वर्षं पिकतोय आणि ज्याच्या हजारो जाती आहेत, तिथं भाताचा हट्ट कशाला?

इथं बायकोला एक शोध लागला. कोळंबी बाजूला काढली तर हे उपासाला चालेल! मग आम्ही ताटलीवरच हिशेब मांडला. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा हे सगळं अमेरिका खंडांतलं. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तोही तिकडचाच. आपल्या एकादशीच्या ताटात वरी आणि शिंगाडा काय ते आपले. चारेकशे वर्षांपूर्वीच्या आजीबाईनं हे ताट बघितलं असतं तर एकादशी मोडली म्हणून कपाळाला हात लावला असता. आपण ते अगदी सोवळं म्हणून खातो. कुणी त्याला फ्यूजन म्हणत नाही.

म्हणायला सुरुवात झाली की दर चढतो. जपानी आचारी नोबू मात्सुहिसा १९७३ मध्ये तोक्योहून लिमाला आले, तिथं भागीदारीत हॉटेल चालवलं. जपानात मिळणारं सामान मिळेना म्हणून मिरची, लिंबू, कोथिंबीर हाताशी धरली. पुढे १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला ‘मात्सुहिसा’ आणि १९९४ मध्ये रॉबर्ट डी नीरोच्या भागीदारीत न्यूयॉर्कला ‘नोबू’. तिथून ही चव जगभरच्या पंचतारांकित हॉटेलांत पोचली. खुद्द लिमात मित्सुहारू त्सुमुरा यांचं ‘माइदो’ आहे. २००९ मध्ये निघालं आणि २०२५ मध्ये जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. आम्ही तिथं गेलो नाही. टेबलासाठी आधी नंबर लावावा लागतो आणि खिशासाठी त्याच्याही आधी.

पंचतारांकित निक्केई मी दुसऱ्या एका देशात, दुसऱ्याच्या पैशानं खाल्लंय. मासा उत्तम होता. पण त्यावर ट्रफलचं तेल, त्यावर फुलं, त्यावर सोन्याचा वर्ख. उसाच्या मळ्यातून पळालेल्या माणसानं जे हाताशी होतं त्यात भागवलं. इथं हाताशी सगळंच होतं, म्हणून सगळंच घातलं.

दुसऱ्या दिवशी सुर्कियोच्या मंडईत गेलो. मिराफ्लोरेसपासून चालत जाण्याइतकी जवळ. खाली भाज्या, मिरच्यांचे ढीग, कडेला सेविचेच्या गाड्या, उंच स्टूल. काउंटरमागची बाई मासा कापत होती, अर्थातच ठोकळे, पातळ काप नव्हेत. लिंबू तिनंही अर्धंच दाबलं. लिंबू, मीठ, मिरची, किसलेल्या आल्याचं पाणी, चमच्यानं दोन-चारदा हलवलं आणि ताटली पुढे सरकवली. मुरवणं वगैरे काही नाही. मागे गिऱ्हाइकांची रांग होती. सरकवण्याआधी एका प्लॅस्टिकच्या डबीतून चिमूटभर पांढरी पूड टाकली. अजिनोमोतो. जपानी कंपनीचा हा मसाला पेरूच्या स्वयंपाकघरात मिठाच्या शेजारी बसतो.

आमच्या घरी अजिनोमोतोला बंदी आहे. बायकोनं डबीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आणि ताटली संपवून खाली उरलेलं लेचे दे तिग्रे तोंडाला लावून प्यायली. मग मला म्हणाली, “हिला विचार, आलं कोवळं वापरते का जून.”