मोतीबिंदू, आई आणि ऑफ्रेड

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यांना ताण नको म्हटल्यावर रोज संध्याकाळी "काहीतरी वाचून दाखव गं" सुरू झालं. माझ्याकडे मार्गारेट अ‍ॅटवूडचं 'द हँडमेड्स टेल' होतं, दोनदा सोडलेलं, कारण सुरुवातीला काही घडतच नाही असं वाटतं. म्हटलं चला हेच, डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं.

पहिल्याच दिवशी अडले. अमेरिकेत धर्माच्या नावावर सत्ता बळकावलेली, देशाचं नाव गिलियड, आणि मूल होऊ शकणाऱ्या बायका मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी वाटून दिलेल्या. हँडमेडला काय म्हणू? दासी म्हटलं तर आई लगेच, "म्हणजे विदुराच्या आईसारखी?" बरंचसं तसंच की! बायबलमधली राहेल नवऱ्याकडे आपली दासी पाठवते, त्यावरच हे सगळं बेतलंय.

"नाव काय हिचं?" गोष्ट सांगणाऱ्या हँडमेडचं नाव ऑफ्रेड. म्हणजे 'ऑफ फ्रेड', फ्रेडची, मालक बदलला की नावही बदलणार. आई म्हणाली त्यात काय, माझंही तांदळात अंगठीने लिहून बदललंच होतं. पण हिचं आधीचं काय ते सांग. मी म्हटलं पुढे येईल.

बँकेचा प्रसंग मात्र आईला झोंबला. एका दिवसात सगळ्या बायकांची खाती गोठवतात, नोकऱ्या जातात, पैसे नवऱ्याच्या ताब्यात, आणि ऑफ्रेडचा तेव्हाचा नवरा म्हणतो मी आहे ना तुझी काळजी घ्यायला. "मेला गोडबोल्या!" मग जरा वेळाने, "पोस्टातलं खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे ना गं?"

महिन्यातून एकदा होणाऱ्या त्या 'विधी'ची पानं मी गुपचूप गाळली तर, "दोन पानं उलटलीस, आवाज आला." शेवटी सांगितलं, मान खाली घालून, की मालकाची बायको मागे बसून ऑफ्रेडचे हात धरते आणि मालक... आई एवढंच म्हणाली, "दिवा लाव, अंधार झाला."

हे जरा अतीच लिहिलंय असं तिचं मत होतं. मग सांगितलं की अ‍ॅटवूडबाईंनी हे १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतलं आणि इतिहासात कुठेतरी घडलंय तेवढंच घ्यायचं असा नियम केला, रोमानियात १९६६ ला सरकारने गर्भपातावर बंदी घालून जास्त मुलं जन्माला घालायला लावलंच होतं. गिलियडमध्ये बायकांना वाचायलाही बंदी, दुकानांच्या पाट्यांवर नुसती चित्रं. यावर आईच म्हणाली, अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींची शाळा बंदच केलीय की.

संपायला तीनेक आठवडे लागले. शेवटी २१९५ सालची एक परिषद आहे, ते परिशिष्ट समजून सोडू नका, प्राध्यापक ऑफ्रेडच्या आयुष्यावर विनोद करतो आणि लोक हसतात, मला तिथे सगळ्यात जास्त राग आला.

आईचा राग वेगळाच. "नाव नाहीच सांगितलं?" म्हटलं नाही, पण पुस्तकावरच्या सिरीयलमध्ये तिला जून म्हणतात.

"मग ते आधी नाही का सांगायचं? मी तीन आठवडे त्या फ्रेडच्या नावाने हाक मारतेय तिला."